लगाम नेमका कुठे बसतो?

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या परिसरात जनावर म्हणजे बैल, आणि त्याला आवरते ती नाकातली वेसण. घोड्याचं गणित वेगळं. त्याचा थाट बघावा तो दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात.

घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये चांगली मोठी मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी तिथे, नुसत्या हिरडीवर आणि जिभेवर बसते. म्हणून बोटाएवढी ओढही त्याला कळते, आणि हिसका दिला तर हिरडी सोलवटते. नवशिक्या शिंगराला आधी मोहरकीच घालावी. तोंडात लोखंड नंतर.

खोगीरही शोभेचं नव्हे. ते स्वाराचं वजन मणक्यावर न टाकता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर वाटतं. ढिल्या तंगाचं खोगीर घसरतं, पाठ खरचटते. नालावरचं खूर आपल्या नखासारखंच, केराटिनचं. वाढतच राहतं, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावं लागतं.

आणि चाबूक? माझ्या मते सगळ्यात कमी लागणारी वस्तू. खरारा रोज लागतो. तो करताना घोड्याच्या थेट मागे उभे राहू नका. तिथलं त्याला दिसत नाही.