जहाज येतं, गॅस येतोच असं नाही

2021 च्या एप्रिलमध्ये ‘होएग जायंट’ नावाचं जहाज सिंगापूरहून येऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगड बंदराला लागलं. पोटात 1 लाख 70 हजार घनमीटर द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, मावेल एवढ्या टाक्या आणि डेकवर त्या द्रवाचा पुन्हा वायू करणारी यंत्रणा. देशातलं पहिलं तरंगतं एलएनजी टर्मिनल म्हणून बातम्या झळकल्या. दाभोळपर्यंतची 56 किलोमीटरची पाइपलाइन होती, जहाजाच्या भाड्याचा करार दहा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो करार मोडला. व्यावसायिक पुरवठा सुरू न होताच जहाज निघून गेलं आणि पुढे ब्राझीलमधल्या सांतोसला कामाला लागलं.

अशा टर्मिनलविषयी आपल्याकडे फिरणारे बरेचसे समज जयगडच्या या प्रकरणाशी ताडून पाहता येतात. काही समज त्याहून जुने आहेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

“हा म्हणजे समुद्रात उभा केलेला अवाढव्य सिलिंडर!”

घरातल्या सिलिंडरमध्ये एलपीजी असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. ते नेहमीच्या तापमानाला दाबाखाली द्रवरूपात राहतात आणि गळले की हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतात. एलएनजी हा मुख्यतः मिथेन. त्याला द्रव करते ती थंडी, उणे 162 अंश सेल्सिअसची. त्यात त्याचं आकारमान सुमारे सहाशेपटीनं आक्रसतं. टाकीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच जास्त असतो, त्यामुळे सिलिंडरसारखी टाकी फुटण्याचं चित्र इथे लागू पडत नाही. हवेतलं वायूचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच तो पेट घेतो.

याचा अर्थ धोका नाही असा मुळीच नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडला ऑक्टोबर 1944 मध्ये एलएनजीची टाकी फुटून लागलेल्या आगीत सुमारे 130 माणसं गेली. टाकीचं पोलाद एवढ्या थंडीला टिकणारं नव्हतं. साधं पोलाद या तापमानाला काचेसारखं तडकतं. म्हणून आजही एका जहाजातून दुसऱ्यात एलएनजी घेताना नळ्यांच्या जोडाखाली स्टेनलेस स्टीलचे ट्रे मांडलेले असतात आणि जहाजाच्या कुशीवरून समुद्राच्या पाण्याचा पडदा सतत सोडलेला असतो. एखादा थेंब निसटला तरी तो थेट पोलादावर पडू नये, एवढ्याचसाठी ही सारी तयारी. गळतीच्या जागी दिसणारा पांढरा ढग असतो हवेतल्या बाष्पाचा. वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. घरच्या पाइप गॅसला येणारा वास नंतर मिसळलेला असतो.

“जहाजच तर आणायचंय, वर्षाच्या आत काम होईल.”

होतं, पण जर्मनीत. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यानंतर फेब्रुवारी 2022 मध्ये घोषणा झाली आणि 17 डिसेंबरला विल्हेल्म्सहाफेनच्या तरंगत्या टर्मिनलचं उद्घाटनही झालं. हा दाखला सगळे देतात. पण तिथे जुना धक्का आधीपासून होता, खोल पाणी होतं, परवानग्यांसाठी संसदेनं खास कायदा केला होता आणि मुख्य जाळ्याला जोडायला सव्वीसेक किलोमीटरचीच पाइपलाइन लागली.

माझ्या मते या धंद्याची खरी कसोटी लागते ती न तरंगणाऱ्या गोष्टींत: धक्का, लाटा अडवणारी भिंत म्हणजे ब्रेकवॉटर, गाळ काढून केलेला मार्ग, पाइपलाइन आणि पैसे मोजणारं गिऱ्हाईक. जयगडचं जहाज ठरलेल्या पूर्ण क्षमतेनं चाललं असतं तर त्याच्या भरलेल्या टाक्या पाचेक दिवसांत रिकाम्या झाल्या असत्या. म्हणजे तेवढ्या अवधीत दुसरं जहाज शेजारी येऊन लागायला हवं. दोन जहाजं कुशीला कूस लावून एक दिवसाहूनही अधिक काळ उभी राहायची, तर पाणी शांत हवं. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ते कुठून आणायचं? दाभोळचं टर्मिनल तर जमिनीवरचं, 2013 मध्ये सुरू झालेलं. तरी ब्रेकवॉटर अपुरं असल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. कोचीचं टर्मिनलही 2013 चंच. मंगळुरूपर्यंतची पाइपलाइन सुरू व्हायला 2021 चा जानेवारी उजाडला. तोवर ते क्षमतेच्या अगदी थोड्या हिश्शावर रखडत चाललं.

“टर्मिनल आलं की गॅस स्वस्त.”

टर्मिनल हे फक्त दार आहे. आशियाच्या हजर बाजारात एलएनजीचा दर 2020 च्या मे महिन्यात दशलक्ष बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं माप) 2 डॉलरच्या आसपास होता, मार्च 2022 मध्ये तो 80 डॉलरच्या वर गेला. जयगडचा डाव नेमका या दोन टोकांच्या मध्ये सापडला. पाकिस्तानात कराचीजवळ पोर्ट कासिमला दोन तरंगती टर्मिनलं चालू होती, तरी जुलै 2022 मध्ये दहा जहाजांच्या खरेदीची निविदा काढली तेव्हा एकही बोली आली नाही. माल युरोपकडे वळला होता. जहाजाचं भाडं मात्र वायू येवो न येवो, रोजचं.

तरी लिथुएनियाचं उदाहरण उलटं आहे आणि ते झाकून ठेवणं बरं नव्हे. क्लाइपेडाला तरंगतं टर्मिनल ऑक्टोबर 2014 मध्ये पोचलं. त्याआधीच, मे महिन्यात, तोवर एकटीच वायू विकणाऱ्या रशियन कंपनीनं आपला दर उतरवला होता. 2022 मध्ये रशियन वायू बंद करणं त्या देशाला जमलं तेही या टर्मिनलच्या जोरावर. दहा वर्षं भाडं भरल्यावर 2024 च्या अखेरीस त्यांनी जहाज विकतच घेतलं.

“वादळ आलं तर जहाज सुटून खोल समुद्रात जाईल.”

जातं खरं. बांगलादेशात महेशखालीला मे 2023 मध्ये ‘मोखा’ चक्रीवादळाआधी तिथल्या दोन्ही जहाजांचा पुरवठा थांबवून एक जहाज हलवलं आणि चट्टग्रामची गॅसची शेगडी, वीज दोन्हींवर परिणाम झाला. पुढच्या वर्षी ‘रेमाल’मध्ये वाहवत आलेला एक पॉन्टून, म्हणजे सपाट तराफा, त्या दोनांतल्या एका जहाजावर आदळला आणि ते दुरुस्तीला सिंगापूरला गेलं. महिनोन् महिने देशाला निम्म्याच आयातीवर भागवावं लागलं.

“आत समुद्राचं पाणी घ्यायचं, बाहेर सोडायचं, त्यात काय बिघडतं?”

द्रवाचा वायू करायला लागणारी ऊब बऱ्याचदा समुद्राच्या पाण्यातून घेतात. जयगडएवढ्या क्षमतेला तासाला दहा हजार घनमीटरहून जास्त पाणी लागतं आणि ते काही अंश गार होऊन परत जातं. आत ओढलेल्या पाण्याबरोबर माशांची अंडी आणि बारीक पिल्लंही जातात. नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन तयार करतात. विल्हेल्म्सहाफेनला पर्यावरणवाद्यांनी यावरूनच रान उठवलं. तिथल्या दुसऱ्या जहाजावर क्लोरीनऐवजी अल्ट्रासाउंडचा वापर ठरला, म्हणजे पर्याय आहे. एखाद्या खाडीच्या तोंडाशी असं टर्मिनल येणार असेल तर जनसुनावणीत आधी हेच विचारावं: पाणी कुठून घेणार, कुठे सोडणार, त्यात क्लोरीन किती, आणि माशांच्या विणीच्या दिवसांत यंत्रणा कशी चालवणार.