ताप एक, रूपे तीन

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच चैत्रातल्या दुपारी मोरा बंदराला लागते, तेव्हा उतारूंचे सदरे अंगाला चिकटलेले असतात. समोर समुद्र आहे, वाराही आहे. तरी घाम वाळत नाही. उरणच्या मिठागरांत ज्यांनी हयात घालविली, त्यांना याचे कारण पुस्तकात शोधावे लागत नाही. हवा कोरडी असेल तर पाणी उडते आणि मीठ पिकते. हवाच पाण्याने भरलेली असेल तर आगरातले पाणी तसेच पडून राहते. मनुष्याच्या त्वचेचा व्यवहारही याच नियमाने चालतो. एक लिटर घाम वाळला तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. नुसताच गळून गेला तर जवळजवळ काहीच नेत नाही.

हा साधा नियम विसरला गेला की काय घडते, ते मोऱ्यापासून फार दूर नसलेल्या खारघरने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथील मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु किनाऱ्यावरच्या दमट हवेत, दाटीवाटीने बसलेल्या समुदायात, माथ्यावर छप्पर नसताना ३८ अंशही पुरेसे घातक ठरतात.

मराठीत ‘ताप’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. तापमापीवर दिसतो तोही ताप, उन्हाचा तोही ताप आणि कटकटीने डोक्याला होतो तोही तापच. गंमत अशी की, या तिन्ही तापांचा कारभार मेंदूत एकाच ठिकाणी पाहिला जातो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखणे हे त्याचे एक काम. उष्णता वाढली की तो त्वचेकडे रक्त धाडतो आणि घाम आणवितो. थंडी वाजली की त्वचेतील रक्तवाहिन्या आवळतो आणि स्नायूंना कापरे भरवितो.

आजारातला ताप हा या कारभाऱ्याचा बिघाड नव्हे, तो त्याचाच हुकूम होय. जंतूंचा शिरकाव झाला की रक्षक पेशी काही रसायने सोडतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि मेंदू आपले लक्ष्य ३७ वरून, समजा, ३९ वर नेतो. म्हणूनच अंग तापत असताना रोगी थंडीने कुडकुडतो व गोधडी मागतो. ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, असे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ते होते.

मनाच्या तापाचीही तऱ्हा निराळी नाही. भय वा चिंता उद्भवली की हायपोथॅलॅमसच अधिवृक्क ग्रंथींना जागे करतो. नाडी वाढते, हातपाय गार पडतात आणि काही जणांचे अंग खरोखरच तापते. परीक्षेच्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याला ताप भरला, तर शिक्षकांनी ते सोंग आहे असे घाईने ठरवू नये. मात्र हा ताप प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेने येत नसल्याने तापाच्या गोळीला तो सहसा दाद देत नाही.

उन्हाचा ताप या दोहोंहून वेगळा. येथे मेंदूचे लक्ष्य ३७ च असते. हुकूम सुटलेला असतो, पण तो अमलात येत नाही. घाम वाळत नाही, पाणी संपत जाते, त्वचेला रक्त पुरविता पुरविता हृदय थकते. तापमान ४० च्या वर गेले की खुद्द मेंदूच भांबावतो. रोगी असंबद्ध बोलतो, तोल जातो, शुद्ध हरपते. अशा वेळी तापाची गोळी निरुपयोगी, किंबहुना अपायकारक असते. रोग्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

यातून एक सामाजिक कर्तव्य निष्पन्न होते. उष्माघातात ज्याने धोक्याची सूचना द्यायची तो मेंदूच आधी निकामी होतो. म्हणून ‘ज्याला त्रास होईल त्याने उठून जावे’ असे म्हणणे ही पळवाट आहे. शिवाय भरल्या सभेतून उठणे आपल्याकडे अशिष्टपणाचे मानले जाते. शाळेच्या कवायतीत चक्कर आलेल्या मुलाला दुबळा ठरविले जाते. उन्हात बसण्याची सहनशक्ती ही निष्ठेची वा शिस्तीची कसोटी नव्हे. सोहळ्याची वेळ, मांडव आणि पाणी यांची जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे, बसणाऱ्याची नव्हे. दमट हवेत काय घडते ते मिठागरातल्या माणसाला ठाऊक आहे. व्यासपीठावरच्यांनीही ते जाणून घ्यावे.