पोटातली पाळ

भंडारा जिल्ह्यात हजारावर मामा तलाव आहेत. नात्यातला मामा नव्हे. माजी मालगुजारी, म्हणून मामा. कोहळी समाजातल्या जाणकारांनी काही शतकांपूर्वी मातीच्या पाळी घालून पाणी अडवलं, त्यावर अजून धान पिकतो. पाळ फुटते ती पाणी वाढल्यामुळे, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. धान करणारा मात्र आधी पाळीतलं बीळ दाखवतो, खेकड्याचं.

आपल्या पोटातही एक पाळ आहे, आतड्याचं अस्तर. तिची जाडी किती? एक पेशी! अलीकडे सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, बहुतेक मोठ्या आतड्यात, पलीकडे रक्त. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, म्हणजे मागच्या आठवड्यातलं अस्तर आज आपल्याजवळ नाही.

एवढ्या पातळ पाळीला राखण लागतेच. शरीराच्या, रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींचा मोठा तळ आतड्याच्या भिंतीत असतो. रक्तात फिरतात त्या जेमतेम दोन टक्के. एचआयव्हीवरच्या औषधांच्या, म्हणजे एआरटीच्या सेंटरवर ‘सीडी४ किती?’ म्हणून जो आकडा सांगतात, तो याच पेशींतल्या एका प्रकाराचा, आणि या दोन टक्क्यांतला. गाव सोडून फक्त एसटी स्टँडवरची माणसं मोजावीत, तसं.

एचआयव्ही गावातच शिरतो. १९९८ मध्ये लालतोंड्या माकडांवर, त्यांच्यातल्या अशाच एका विषाणूचा अभ्यास झाला. लागण होऊन काही आठवडेच झाले होते. रक्तातला आकडा अजून फारसा ढळला नव्हता, पण आतड्यातल्या सीडी४ पेशींचा सडा पडला होता. २००४ मध्ये माणसांतही तेच दिसलं. त्यात टीएच१७ नावाच्या पेशी पार रोडावतात. अस्तराला ‘भोक बुजव, जंतुनाशक सोड’ असा निरोप देणाऱ्या त्याच. मग पाळ झिरपते. २००६ मध्ये रुग्णांच्या रक्तात जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे जास्त प्रमाणात सापडले, तेव्हा कोडं सुटलं: अंगात वर्षानुवर्षं धुमसणारी सूज बरीचशी पोटातून झिरपलेली असते. औषधाने विषाणू दबतो, रक्तातला आकडा सावरतो. आतडं मागून, रेंगाळत येतं.

आता खेकडा. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडाच. सतत सूज, गळकी पाळ, अपुरी राखण. एचआयव्ही असलेल्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग बोकाळायला हवा, नाही का? अमेरिकेत एचआयव्हीच्या आणि कर्करोगाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. हा कर्करोग इतरांपेक्षा जास्त निघाला नाही! तर्काने आखलेली वाट शरीर चालेलच असं नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. वाढलेला दिसला तो शेजारचा, गुदद्वाराचा कर्करोग, कित्येक पटींनी. त्याच्यामागे एचपीव्ही हा वेगळाच विषाणू. राखण ढिली पडली की त्याचं फावतं. तिथले बिघडलेले डाग वेळेत काढले तर हा कर्करोग निम्म्याहून अधिक टळतो, हे २०२२ मध्ये सिद्ध झालं.

मोठ्या आतड्याचा कर्करोग झालाच, तर मात्र एचआयव्ही असलेल्यांत त्याने मरण्याचं प्रमाण जास्त दिसतं. का, याचा एक धागा २००६ च्याच एका फ्रेंच अभ्यासात असावा: गाठीत राखणीच्या टी पेशी किती शिरल्यात, यावरून रोग्याचं पुढचं बरंच कळतं, कधी रोगाच्या टप्प्यापेक्षाही नेमकं.

आपल्याकडे एआरटी १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. तेव्हा तिशीत औषध सुरू केलेला माणूस आज पन्नाशीत आहे. हे औषधाचं यश, आणि कर्करोगाचं वयही हेच. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे घरातच ‘मूळव्याध’ ठरवून मोकळे होतात. पण ते या खेकड्याचंही असू शकतं. पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या कोंबाचा, कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, एवढी सवड हा खेकडा देतो. कोलोनोस्कोपीत डॉक्टर दिवा घेऊन आतली सगळी पाळ फिरतात आणि पॉलिप दिसला तर तारेच्या फासाने तिथेच कापून काढतात. कापलेलं कळतही नाही: पोटात मुरडा आला की जीव कासावीस होतो, पण आतल्या अस्तराला कापल्याचं दुखणं जाणवतच नाही. बिळाचाही पत्ता लागत नाही, तो त्यामुळेच.