परक्या आज्ञावलीतील वाटाडे

सुपेल्याच्या बाजारात नव्याने आलेला मनुष्य एखादे घर शोधताना प्रत्येक गल्ली पायाखाली घालीत नाही. तो पत्ता विचारतो. दुसऱ्याने लिहिलेली संगणकाची आज्ञावली वाचावयास बसणाऱ्याची स्थिती अशीच असते. फरक इतकाच, की येथे पत्ता सांगणारा बहुधा गाव सोडून गेलेला असतो.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत मोठी आज्ञावली शेकडो फायलींत विखुरलेली असते. फंक्शनाची व्याख्या एका फायलीत, त्याचा वापर भलतीकडेच. असा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचणे व्यर्थ होय. नावावरून माग काढावा लागतो. 'ग्रेप' हे साधन ते नाव आढळेल ती प्रत्येक ओळ पुढे टाकते, पण शेऱ्यातील उल्लेख आणि खरा वापर यांतील भेद त्यास कळत नाही. 'सीटॅग्ज' नावांची सूची करते. मग व्हिम किंवा ईमॅक्ससारख्या संपादकातून वाचक थेट व्याख्येपाशी पोचतो. बेल प्रयोगशाळेतच जो स्टेफन यांनी रचलेले 'सीस्कोप' आणखी पुढे जाऊन सांगते, की या फंक्शनास कोण कोण बोलावते.

दुरुस्ती करणाऱ्यास खरी गरज याच उत्तराची असते. हे न विचारता केलेला बदल दूरच्या एखाद्या फायलीत निमूटपणे बिघाड करून ठेवतो, आणि तो महिन्यांनी उघडकीस येतो. मात्र फंक्शनाचा पत्ता एखाद्या चलात ठेवून त्याच्याकरवी बोलावणे धाडले असेल, तर सूचीही अनेकदा मुकी राहते. 'क्लँगडी' हे अलीकडचे साधन मजकूर कंपायलरच्याच डोळ्यांनी वाचते. परंतु कोणती फाईल कोणत्या सूचनांनिशी संकलित होते, हे त्यास आधी पुरवावे लागते.

इतके करूनही आरंभ कोठून करावा, हा प्रश्न उरतोच. मुंबईस पवईच्या आय. आय. टी.त प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी या प्रचंड कंपायलरविषयीच्या कार्यशाळांतून तो हाताळला. हा कंपायलर तेव्हा सी भाषेत होता. २०१३ मधील ४.८ आवृत्तीपासून तो सी प्लस प्लसकडे वळला. तेथील रीत अशी : चार ओळींचा नमुना कंपायलरला द्यावयाचा, टप्प्याटप्प्यास त्याचे रूप कसे पालटते ते फायलींत उतरवून घ्यावयाचे, आणि जेथे काही वेगळे दिसेल त्याच टप्प्याचा मूळ मजकूर उघडावयाचा.