पाणकणीस : पाणथळ जमिनीची खूण

कालव्याच्या पाझराखाली व तळ्याच्या उथळ काठी पाणकणीस उगवते. यासच रामबाण म्हणतात. माणसाहून उंच, पट्टीसारखी पाने व तपकिरी, मखमली कणीस यांवरून ते ओळखावे. तळ्याकाठी ते पक्ष्यांना आसरा देते व त्याच्या पानांच्या चटया होतात. परंतु उसाच्या शेतात वा निचऱ्याच्या चरात ते दिसू लागल्यास तेथे पाणी मुरत नाही, साचून राहते, असे समजावे.

एका कणसात लाखाहून अधिक बी असते व ते वाऱ्याने दूर जाते. म्हणून कणीस पिकून उकलण्यापूर्वी खोडे पाण्याच्या पातळीखाली कापावीत. बुडखे पाण्यात बुडून राहिल्यास हवेअभावी कुजतात.

तथापि केवळ कापणीने भागणार नाही. चर उपसून साचलेल्या पाण्यास वाट द्यावी. अन्यथा क्षार वर येऊन जमीन खारवट होते.