शनवार तेल्यांचा वारसा

अलिबागच्या इस्रायल आळीत शिरलं की माझी पावलं अजूनही मंदावतात. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र याच आळीतला. त्याच्या आईच्या हातचा मलिदा, म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि वर फळं, मी आपल्याकडचा प्रसाद समजूनच खात असे. हा एलियाहू हनाबीचा नवस, असं त्या सांगत. अर्थात मराठीतच. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेलं.

बेने इस्रायलांची कथा नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पोथ्या हरवल्या, हिब्रू विसरली, पण शनिवार सुटला नाही. आडनावं मात्र इथल्या मातीची: केहीमकर, पेणकर, रोहेकर.

हरवलेली विद्या परत आली तीही गमतीदार वाटेनं. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. हेतू धर्मप्रसाराचा. शिष्यांनी व्याकरण घेतलं, धर्म आपलाच ठेवला! पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात छापलेल्या ‘हग्गादा’त वल्हांडणाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क लुगडं नेसलेल्या दिसतात. हैम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, त्यांच्या पश्चात, तेल अवीवमध्ये.

एवढं जपूनही परीक्षा चुकली नाही. १९६० च्या सुमारास इस्रायलमधल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली: हे अस्सल ज्यू कशावरून? १९६२ साली विवाहाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश निघाले. कोकणातली घरंदारं सोडून गेलेल्या माणसांना हे केवढं लागलं असेल! ती रस्त्यावर उतरली. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांना सर्वार्थानं ज्यू मानलं.

२०१६ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्रायलांमध्ये ज्यू आणि भारतीय, असे दोन्ही वारसे आढळले. आमच्या गावातल्या कुठल्याही आजीनं हे प्रयोगशाळेशिवाय सांगितलं असतं.

मित्राला मी एकदा विचारलं होतं, ‘‘तुम्हाला पुरावा मागितला, तेव्हा आईनं काय केलं रे?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला. नेहमीसारखाच.’’

आळीतली बरीच घरं आता बंद असतात. सिनेगॉग मात्र उभं आहे. शनिवारी तिथून जाताना मला वाटतं, धर्म ग्रंथात असतो हे खरंच. पण ग्रंथ हरवल्यावरही जो पाळला जातो, त्याला आणखी कुठला दाखला हवा?