गाण्याची पेढी

कच्छमधून मुंबईस आलेल्या वीरजी शाह यांचे गिरगावात किराणा मालाचे दुकान होते. त्यांच्या एका गिऱ्हाइकाला उधारी फेडणे जमेना. तेव्हा त्याने पैशांऐवजी दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवले, असे सांगतात. ती मुले म्हणजे पुढे संगीतकार म्हणून ख्याती पावलेली कल्याणजी-आनंदजी ही जोडी. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटात पुंगीचा भास निर्माण करणारे क्लॅव्हिओलिन हे वाद्य कल्याणजींनीच वाजवले होते. बुडीत खात्यातून इतकी चांगली वसुली क्वचितच कोणा दुकानदाराची झाली असेल.

आज मात्र बारावी झालेल्या मुलाने वा मुलीने ‘पदवीला संगीत घ्यायचे आहे’ असे म्हटले, की घरात शांतता पसरते. ही शांतता अनादराची नव्हे. भगवान ऋषभदेवांनी ७२ कला शिकवल्या असे मानणाऱ्या, पार्श्वदेवांच्या ‘संगीतसमयसार’ या ग्रंथाचा वारसा सांगणाऱ्या आणि स्तवनांत वाढलेल्या समाजाला गाणे परके कसे असेल? पूजेत गाणे चालते. गाण्यावर घर चालेल हे मात्र पटत नाही. भीती आहे ती उत्पन्नाची, आणि व्यापारी घराने ती व्यापाऱ्याच्याच नजरेने तपासावी.

एके काळी घराण्यांतील विद्या पेढीच्या चोपडीसारखी जपली जाई; बाहेरच्याला तिचे पान दिसत नसे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पं. भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा वेळापत्रक, वर्ग आणि परीक्षा या मार्गाने ती विद्या सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही गावोगावी होतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. पुष्कळ मुले दहावीच्या वाढीव गुणांपुरत्या पहिल्या काही पायऱ्या चढतात. मग पेटी माळ्यावर जाते.

वाणिज्य शाखेत शिकताना संध्याकाळी विशारद करणे ही एक वाट. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग अशा ठिकाणी पूर्ण वेळ शिकणे ही दुसरी. पहिलीत दुकान सुटत नाही, पण गळ्याला किंवा हाताला मिळायचे तास दिवसभराच्या थकव्यातून काढावे लागतात. दुसरीत तास मिळतात. शास्त्र, इतिहास, साथीला बसणारे समवयस्क आणि चुकता येईल असा छोटा रंगमंचही मिळतो. कलावंत घडवण्याची हमी मात्र कोणतीच पदवी देत नाही. पदवी घेतानाही गुरू लागतोच, आणि पदवीनंतर अनेक वर्षे तो सोडून चालत नाही. नव्या गावी शाखा काढून पहिली वर्षे तोटा सोसणाऱ्या घरांना हा हिशेब अवघड वाटू नये. तरी वाटतो, कारण इथे माल दिसत नाही.

उत्पन्नाचे म्हणाल, तर केवळ मैफलींवर संसार करणारे कलावंत थोडे. बहुतेकांची खाती अनेक असतात. आकाशवाणी चाचणी घेऊन कलावंतांना श्रेणी देते. महाविद्यालयात अध्यापन करायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. येथे पदवीचे मोल रोख असते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे. डॉ. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा या दोन्ही विषयांच्या पदव्या घेतल्या, आकाशवाणीत नोकरी केली, सरगम या विषयावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली, एस. एन. डी. टी. विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला, आणि गाणे मात्र कधी सोडले नाही. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

चाली बांधणाऱ्यांसाठी आणखी एक खाते आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात संगीतकार आणि गीतकारांचा मानधनातील वाटा राखला गेला, आणि हा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. गाळ्याचे भाडे ज्यांना कळते त्यांना हे समजावून सांगायला नको. करारावर सही करण्यापूर्वी तो घरातल्या जाणत्याने वाचावा. गाणाऱ्या मुलाला व्यापारी घराचा खरा उपयोग इथेच होतो. शास्त्रीय वा लोककलेच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही हिशेब ठेवणाऱ्याला ठाऊक असावे.

काही अडचणी आपल्याच घरांच्या. तबल्याची पुडी चामड्याची असते, जुन्या सतारींची घोडी हाडाची किंवा शिंगाची. आता कृत्रिम पुड्या आणि आबनुसी लाकडाच्या घोड्या मिळतात. नादात फरक पडतो हे वादक मान्य करतात, आणि निवड ज्याची त्याने करायची असते. मैफली रात्रीच्या आणि चौविहार सूर्यास्ताचा. गाण्यापूर्वी जड जेवू नये असे गवई सांगतातच, तेव्हा लवकर जेवून रंगमंचावर बसणे साधते. मुलींच्या बाबतीत मात्र रात्रीचा प्रवास आणि लग्नानंतरचा रियाझ हे प्रश्न स्थळ पाहतानाच बोलून घ्यावेत. ‘मुलीला गाण्याची आवड आहे’ हे वाक्य परिचयपत्रात लिहिणे सोपे असते. त्या आवडीला रोजचे तीन तास लागतात, हे तिथे कोणी लिहीत नाही.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या विभागातील विद्यार्थ्यांचे गायन-वादन एकदा प्रत्यक्ष ऐकून यावे. आठवड्यात किती तास गुरूसमोर बसायला मिळते आणि मागच्या तुकडीतील विद्यार्थी आज काय करतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारावे. पूर्ण वेळ अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला प्रात्यक्षिक चाचणी असते. तिची तयारी बारावीच्या वर्षीच करावी लागते, आणि नेमका त्याच वर्षी शिकवण्यांच्या गर्दीत रियाझ सुटतो. त्या वर्षी पहाटेचा एक तास तंबोऱ्यासाठी राखता येतो का, हे मुलाने आणि घराने मिळून पाहावे.